काढलेला माल मिस्त्रीचा

जुन्या गाडीचं बॉनेट मी स्वतः उघडत नाही. मालकाला उघडायला सांगतो. ज्याच्या हाताला खटका न बघता सापडतो, त्याला गाडीची माहिती असते. जो खटका शोधत बसतो, त्यानं गाडी नुकतीच घेतलेली असते. आणि जो म्हणतो, "उघडू की मिस्त्री, आधी चहा घेऊया," त्याच्या बॉनेटखाली दुसऱ्याच गाडीचं इंजिन असतं. इतकी वर्षं कोल्हापुरात हा धंदा केला, त्यात हा अंदाज माझा क्वचितच चुकला.

माझं शिक्षण सातवी पास आणि आठवी अर्धी. गाव नांदेड जिल्ह्यात, किनवटच्या पलीकडं, तेलंगणाच्या तोंडावर. ट्रकवर क्लीनर होतो. ट्रकचा क्रँक कोल्हापुरात तुटला आणि गाडी दस्तगीर मिस्त्रींच्या गॅरेजात लागली. पार्ट येईना म्हणून ड्रायव्हर दुसऱ्या गाडीनं निघून गेला. ट्रकवर लक्ष ठेवायला मी राहिलो. चार दिवस मला टायरवर बसलेला बघून पाचव्या दिवशी दस्तगीरचाचा म्हणाले, "बसून किती खानार हाईस? पाना धर की." तेच माझं नेमणूकपत्र. ट्रक दुरुस्त होऊन गेला, मी गेलो नाही.

माझं नाव गंगाधर. पण गॅरेजात ते कुणी कधी घेतलं नाही. "ए नांदेड, जॅक आण." "नांदेड, तुमच्याकडं मोटारी हायती का नुसतं रेडंच?" पुढं हात बसला तेव्हा "नांदेड मिस्त्री" झालो. या गावानं मला भाकरी दिली, बायको दिली, नाव दिलं. तरी पहिली कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या चाचा म्हणणार, जा बाबा आता तुझ्या गावाला. ते कधी म्हणाले नाहीत आणि माझी भीती कधी गेली नाही. आजही नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना तीच भीती वाटते. चेहऱ्यावर दाखवत नाही, एवढंच.

नव्वदच्या सुमाराला आमच्या गॅरेजाचं नाव झालं ते डिझेल इंजिन बसवण्यात. जुन्या मोठ्या गाड्या पेट्रोल अक्षरशः प्यायच्या. लिटरला चार-पाच किलोमीटर. मालकांना गाडी विकवत नव्हती आणि चालवायला परवडत नव्हती. मग आम्ही मूळ इंजिन काढून तिथं मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवायचो. ऐकायला सोपं वाटतं, पण एका गाडीचं इंजिन दुसरीत आपोआप बसत नाही. गिअरबॉक्सची भोकं जुळत नाहीत, मध्ये प्लेट लागते. वजन जास्त, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान वाढवावं लागतं. कधी चॅसिसचा आडवा पत्रा कापावा लागतो. पण गाव कोल्हापूर. सकाळी कागदावर प्लेट काढून द्यावी आणि संध्याकाळी उद्यमनगरातून लेथवर कातून हातात यावी. कुणी आणली असती तर आम्ही बैलगाडीलाही डिझेल बसवलं असतं, आणि ती चढ चढून पन्हाळ्याला गेली असती.

आता एक रिवाज सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्या धंद्यात काढलेला माल मिस्त्रीचा. न्हाव्याकडं केस कापले म्हणून ते पुडीत बांधून कुणी घरी नेत नाही, तसंच हे. जुने बेअरिंग, जुना रेडिएटर, जुनं इंजिन, जे गाडीतून उतरलं ते मिस्त्रीचं. मालक विचारायचा नाही, मिस्त्री सांगायचा नाही. यात चोरी आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

आमच्याकडं ताराबाई पार्कातल्या एका वकीलसाहेबांची गाडी यायची. अमेरिकन, काळी, सहा सिलिंडरची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. गॅरेजातल्या सगळ्या गाड्यांपेक्षा वयानं मोठी म्हणून आम्ही तिला थोरली म्हणायचो. वकीलसाहेबांचे माझ्यावर उपकार आहेत. मला भाड्यानं खोली कुणी देईना, तेव्हा ते स्वतः घरमालकाकडं आले आणि म्हणाले, "हा माझा माणूस आहे." रेशनकार्डाचा अर्ज त्यांनी भरला. परक्या गावात कुणीतरी आपल्याला "माझा माणूस" म्हणणं काय असतं, ते गावातच जन्मलेल्याला कळायचं नाही.

त्र्याण्णव साली ते म्हणाले, "नांदेड, पेट्रोल झेपत नाही रे. पण विकायची नाही." आम्ही थोरलीचं इंजिन काढलं, डिझेल बसवलं. सगळं काम माझ्या हातचं. उतरवलेलं सहा सिलिंडरचं इंजिन ओट्यावर होतं. चाचांनी त्याच्यावर थाप मारली आणि मला म्हणाले, "हे तुझं. लगीन ठरलंय न्हवं?"

ते इंजिन मी गडहिंग्लजच्या बाजूच्या बसाप्पा अण्णाला विकलं. अण्णाचं गुऱ्हाळ होतं. ऊस पिळायचा चरक फिरवायला त्याला इंजिन पाहिजे होतं. पेट्रोलवर सुरू करायचं आणि तापलं की रॉकेलवर चालवायचं. त्या पैशात बायकोला शिलाई मशीन घेतलं. ते अजून घरात आहे.

इंजिन टेंपोत चढवण्याआधी चाचांच्या शिस्तीप्रमाणं मी त्याच्या नंबराचा छाप घेतला. इंजिनावर कारखान्यात नंबर ठोकलेला असतो. त्यावर पातळ कागदाची पट्टी धरायची आणि शिसपेन्सिल आडवी घासायची, की नंबर पांढरा उमटतो. नव्या इंजिनाचा छाप कागदपत्रांना लागतो, म्हणून सगळेच घेतात. चाचा मात्र जाणाऱ्या इंजिनाचाही घ्यायला लावायचे. "आलेल्याचं नाव लिहितोस, गेलेल्याचं नको?" ती पट्टी मी शंभर पानी वहीत चिकटवली. शाळा सुटली, पण वही सुटली नाही.

दहा वर्षांत वारं फिरलं. पुण्या-मुंबईचे लोक जुन्या गाड्या शोधत यायला लागले. पूर्वीचा माणूस विचारायचा, किती देते? हे विचारायचे, नंबर जुळतो का? बाहेरच्या वाचकाला थोडक्यात सांगतो. गाडीच्या चॅसिसचा नंबर आणि इंजिनाचा नंबर कारखान्याच्या कागदावर शेजारी शेजारी लिहिलेले असतात. तेच इंजिन अजून त्याच गाडीत असलं तर गाडी पूर्ण. त्याच मॉडेलचं पण दुसऱ्या गाडीचं इंजिन असलं तर किंमत उतरते. आणि इंजिन भलत्याच जातीचं असलं, आम्ही बसवायचो तसलं, तर किंमत निम्म्याच्या खाली येते. मग गाडी कितीही छान चालू दे. चालवणाऱ्याला आमचं डिझेल सोन्यासारखं. पण घेणारा चालवायला घेतच नव्हता. सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि शेतात नांगर दुसऱ्याचा, असली जमीन कोण घेईल?

मग त्यातूनच खोटे नंबर आले. इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले शेठ नवी घेतलेली जुनी गाडी मोठ्या हौसेनं दाखवायला आले. चार मित्र बरोबर, पेढे बरोबर. मी नंबरावर बोट फिरवलं. खऱ्या नंबराच्या कडा इतक्या वर्षांनी बोथट होतात. याच्या कडा बोटाला लागल्या. मी म्हणालो, "शेठ, नंबर ह्या वर्षातला हाय." शेठ म्हणाले, "आणि पेढं गेल्या वर्षातलं हायती का? ठेव खाली." वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. माझं काही चुकलं नव्हतं, पण मित्रांसमोर बोलायला नको होतं, हे नंतर कळलं.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला वकीलसाहेबांचा निरोप आला. त्यांची मुलगी रक्त तपासणीची लॅब काढणार होती. मशीनं महाग. वकिली थांबली होती. ते म्हणाले, "गंगाधर, थोरलीला निरोप द्यायचा." त्यांनी मला नावानं हाक मारली की समजायचं, गोष्ट गंभीर आहे.

पुण्याचे गिऱ्हाईक आले. शांत गृहस्थ, काठीला लावलेला छोटा आरसा घेऊन गाडीच्या खाली-वर अर्धा तास बघत होते. गाडी आमच्या गॅरेजातच होती. चाचा आता काम करत नव्हते, दारातल्या खुर्चीवर बसून असायचे. पाहुणे हात पुसत म्हणाले, "वकीलसाहेब, आतलं लाकूडसुद्धा मूळ आहे. पण गाडी अर्धी आहे. मूळ इंजिन असतं तर आत्ता चेक फाडला असता. या डिझेलवर मी निम्मेसुद्धा देणार नाही."

"ते इंजिन दस्तगीरनं भंगारात घातलं असेल," वकीलसाहेब म्हणाले.

"मिळालं तर मी महिनाभर थांबतो," पाहुणे म्हणाले. मग माझ्याकडं बोट करून, "आणि हे मिस्त्री लिहून देणार असतील की हेच ते इंजिन, तर मला दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाही. यांचं नाव मी ऐकलंय."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. साहेब चाचांच्या नावावर घालत होते ते इंजिन मी विकलेलं, आणि मी नटबोल्टचा डबा उगाच वर-खाली करत राहिलो. पाहुणे गेले, साहेब गेले. आठ दिवस मी गप्प होतो. या धंद्यात मला खंत आहे ती या आठ दिवसांची.

त्या आठ दिवसांत हा सौदा जमवणारा एजंट रोज येऊन बसायचा. "नांदेड मिस्त्री, लगा, डोकं का खाजवताय? सेम मॉडेलचं इंजिन बेळगावात भंगारात हाय. आणायचं, नंबर घासायचा, थोरलीचा जुना नंबर ठोकायचा. कुणाच्या बापाला कळतंय? आणि पाव्हण्यानं तर तुमालाच जज्ज केलाय."

खोटं कशाला सांगू, मी ते इंजिन आणू दिलं. नंबराची जागा घासून आरशासारखी केली. मनाला सांगत होतो, साहेबांचं भलं होतंय, पोरीची लॅब होतीय, उपकार फिटतायत. आकडे ठोकायच्या पंचांची पेटी उघडली आणि नंबर बघायला वही काढली.

पट्टी पिवळी पडली होती, पण नंबर स्वच्छ होता. शेवटचा सात बाकीच्या आकड्यांपेक्षा किंचित खाली बसलेला होता. इतक्या वर्षांत ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कुठल्या तरी लांबच्या देशात कुठल्या तरी कामगारानं उभं राहून एकेक आकडा हातोडीनं ठोकला होता आणि शेवटच्या घावाला त्याचा हात जरासा घसरला होता. तो नंबर म्हणजे त्याची सही होती. आणि ती मी करायला बसलो होतो.

खुर्चीवरून चाचा म्हणाले, "काय बगतोस?"

"चाचा, ह्येचा सात खाली बसलाय."

"मग? तुझाबी खाली बसव."

"बसंल. पण त्येचा आपसूक बसलाय, माझा मुद्दाम बसंल."

चाचा म्हणाले, "आठ दीस झालं, मी तेवढंच ऐकायला बसलोय हितं. जा. साहेबाला सांगून ये."

बेळगावचं इंजिन घासलेलं तसंच सोडून मी सायकल काढली आणि ताराबाई पार्कात गेलो. वकीलसाहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. बस म्हणाले तरी बसलो नाही. "साहेब, ते इंजिन भंगारात गेलं नाही. चाचांनी नाही, मी विकलं. माझ्या लग्नात."

त्यांनी चष्मा काढला. "मला विचारलं होतंस?"

"नाही."

"मी तरी विचारलं होतं, काढलेल्याचं काय केलं म्हणून?"

"नाही साहेब."

"म्हणजे दोघंही आरोपी. कोर्टात आपण दोघं शेजारी उभे राहिलो असतो." चष्मा परत चढवला. "जा, मुद्देमाल शोधून आण."

हा माणूस मला हाकलणार, हे मी मनात धरूनच गेलो होतो.

बसाप्पा अण्णाचं गुऱ्हाळ जिथं होतं तिथंच होतं. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उकळत होता, आणि शेडमध्ये हिरवा रंग फासलेलं, कपाळाला हळदकुंकू लावलेलं आमचं इंजिन चरक फिरवत होतं. आवाज ऐकूनच ओळखलं. सहा सिलिंडरचा आवाज ठोकल्यासारखा येत नाही, शिलाई मशीनसारखा येतो.

अण्णानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "द्यायचं न्हाय. अकरा वर्सं झाली, एक दीस रुसलं न्हाय. माजी अव्वा सकाळी आदी ह्येला कुंकू लावती, मग मला च्या देती."

"अण्णा, बदल्यात डिझेल इंजिन देतो. रॉकेलचा वास नाही, खर्च निम्मा."

"ह्या नंबराला एवडं काय सोनं लागलंय?"

मी सगळं सांगितलं. वकीलसाहेबांचं, लॅबचं, माझं. अण्णाची आई चुलवाणापाशी बसून ऐकत होती. ती कानडीत काहीतरी म्हणाली. अण्णा हसला. "अव्वा म्हनती, माहेरचं मानूस न्यायला आलंय, अडवू नगं. पन ऐक पावणं. अवसेला गुऱ्हाळ बंद असतंय. तेवडा एकच दीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चार गाड्या ऊस येनार. चरक फिरला न्हाय तर त्यो सगळा ऊस तुज्या गॅरेजात आनून टाकतो, आनि खात बस."

डिझेल देतो असं मी बोलून बसलो होतो, पण ते होतं कुणाचं? साहेबांना विचारलं. यावेळी मी विचारलं. ते म्हणाले, "तुमचा कायदा काय? काढलेला माल मिस्त्रीचा. मग थोरलीतून डिझेल काढलंस की ते तुझंच. दे कुणाला द्यायचं त्याला."

अमावस्येला सकाळी टेंपो घेऊन गेलो. इंजिनाखालची चौकट मापं घेऊन आधीच उद्यमनगरातून करून आणली होती. दुपारपर्यंत जुनं इंजिन सुटलं, डिझेल जागेवर बसलं. चालू केलं, आणि पट्टा पुलीवरून उडाला. परत चढवला, परत उडाला. अण्णा उसाच्या ढिगावर बसून नुसतं बघत होता. बोलला असता तर बरं झालं असतं. मी तोंडानं शीळ घालत होतो. दोरी धरून बघितलं, पुली पाव इंच बाहेर. पत्र्याचे तुकडे कापून चौकटीखाली सरकवले, बोल्ट आवळले. दिवेलागणीला तिसऱ्यांदा चालू केलं. पट्टा थरथरला आणि जागेवर बसला. अण्णानं पाच ऊस चरकात घातले. रस आला. पहिला पेला त्यानं माझ्या हातात दिला आणि कान देऊन ऐकत म्हणाला, "लई बडबड्या हाय की रे ह्यो तुजा. आदीचा बरा हुता."

जुनं इंजिन गॅरेजात आणून रॉकेलनं धुतलं. हिरवा रंग, त्याखाली मळी, त्याखाली काळं. चाचांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांना दिसत कमी होतं, म्हणून त्यांनी बोट फिरवलं. शेवटच्या आकड्याशी थांबले. "सात खाली हाय," म्हणाले, "खाली हाय की रं." मी पट्टी शेजारी धरली. जुळली.

इंजिन खोललं, बांधलं, थोरलीत बसवलं. महिना संपायला दोन दिवस असताना पाहुणे आले. मी लिहून ठेवलं होतं. तीनदा लिहून फाडलं, चौथ्यांदा ठेवलं. त्यात लिहिलं, इंजिन मूळ आहे. ते त्र्याण्णव साली मी काढून विकलं. अकरा वर्षं त्यानं ऊस पिळला. कार्बुरेटर मूळ नाही. दोन पिस्टन कोल्हापुरात केलेले आहेत. चॅसिसचा आडवा पत्रा मी कापला होता, तो परत जोडला आहे, जोड दिसेल. खाली सही, आणि शेजारी ती पिवळी पट्टी चिकटवली.

पाहुण्यांनी कागद दोनदा वाचला. आरसा घेऊन जोड बघितला, नंबर बघितला. म्हणाले, "जोडाचे थोडे कापणार." वकीलसाहेब म्हणाले, "कापा." जे ठरलं त्यात मुलीची मशीनं आली. पूर्ण किंमत काही आली नाही, ती माझ्या त्या कापलेल्या पत्र्यात गेली. पण जाताना पाहुणे म्हणाले, "मिस्त्री, हा कागद आता गाडीबरोबर राहणार. गाडी ज्याच्याकडं जाईल त्याच्याकडं हाही जाईल." त्यात शुद्धलेखनाच्या किती चुका असतील देव जाणे. आठवीतल्या गुरुजींनी बघितला असता तर छडीच काढली असती.

चाचा आता नाहीत. गॅरेज मी चालवतो. रिवाज मोडला. काढलेला माल पोत्यात भरतो, वर मालकाचं नाव लिहितो आणि गाडीच्या डिकीत ठेवतो. दुसरे मिस्त्री मला हसतात, "नांदेड लग्नातला आहेर परत करतंय." गिऱ्हाइकं कटकट करतात. मागच्या महिन्यात गारगोटीचा एक तरुण मुलगा आजोबांची गाडी घेऊन आला होता. काम झालं, निघताना त्यानं पोतं हळूच भिंतीकडेला ठेवलं आणि गेला. मी स्कूटर काढली आणि रंकाळ्यापर्यंत मागं जाऊन त्याला गाठलं.

"अहो मिस्त्री, कचरा आहे तो," मुलगा म्हणाला. "घरात ठेवायला जागा नाही."

मी त्याला डिकी उघडायला लावली आणि पोतं आत ठेवलं.

"असू दे पावणं," म्हणालो. "नंबर हाय त्येच्यावर."